वाटेत हरवलेली नोंद : डेटा सेंटरमधील साठवण-जाळ्यांचा इतिहास

१/
२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचार वाजता, आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत तो उघडणार की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते. अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे बीएसईवर घाईघाईने मिटवून टाकले. कित्येक लहान गुंतवणूकदारांना त्यात तोटा सोसावा लागला.

२/
पुढे मार्चमध्ये एनएसईने कारणे जाहीर केली. मुख्य केंद्र आणि त्याचे जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या होत्या. त्या मार्गावर खोदकाम व बांधकाम चालू होते. त्यानंतर मुख्य केंद्रातील ‘सॅन’ यंत्रणा सर्व्हरना प्रतिसाद देईनाशी झाली आणि जोखीम-व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली. जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणे शक्य नव्हते.

यातील कोडे असे : वाहिन्या बिघडल्या त्या दोन केंद्रांमधल्या. मग मुख्य केंद्रातील सर्व्हरना त्याच केंद्रातील साठा का दिसेनासा व्हावा?

३/
या कोड्याचे उत्तर साठवण-जाळ्यांच्या इतिहासात आहे. ‘सॅन’ म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क : गणना करणारी यंत्रे आणि माहिती साठवणारी यंत्रे यांना जोडणारे स्वतंत्र जाळे. ही दोन्ही यंत्रे एकमेकांपासून जसजशी दूर गेली, तसतसा एक प्रश्न अधिक गंभीर होत गेला : या वाटेवर एखादी नोंद हरवली तर काय करायचे? गेल्या सहा-सात दशकांत अभियंत्यांनी त्याची मुख्यतः तीन उत्तरे दिली. प्रत्येक उत्तराची किंमत निराळी आहे. आजही डेटा सेंटर उभारणाऱ्याला याच तिन्हींतून निवड करावी लागते.

४/
आरंभ १९५६ चा. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आयबीएमने ‘रॅमॅक’ हे यंत्र जाहीर केले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, एक टनाच्या आसपास वजन, आणि साठवणक्षमता पन्नास लाख अक्षरांची. आजच्या फोनमधील एका छायाचित्राला तेवढी जागा सहज लागते. तरीही त्यामुळे एक मोठा बदल घडला. छिद्रपत्रांच्या गठ्ठ्यातून किंवा चुंबकीय फितीवरून नोंद क्रमाने शोधावी लागे. आता हवी ती नोंद थेट वाचता येऊ लागली. हा साठा मात्र यंत्राला अगदी खेटून होता. वाट अशी नव्हतीच, त्यामुळे वाटेत हरवण्याचा प्रश्नही नव्हता.

५/
१९६४ मध्ये आयबीएमची ‘सिस्टिम/३६०’ ही मालिका आली आणि तिच्यासोबत ‘चॅनेल’ ही रचना प्रस्थापित झाली. मुख्य प्रोसेसरने डिस्कच्या कामात गुंतून पडू नये, म्हणून ते काम चॅनेलकडे सोपवले जाई. जाडजूड तांब्याच्या केबल उंचावलेल्या जमिनीखालून धावत. या समांतर केबलची मर्यादा पुढील काळातही सुमारे १२० मीटरपर्यंतच राहिली. संगणक आणि साठा एकाच दालनात असणे ही त्या पिढीची सवय नव्हती, तांब्याने घातलेली अट होती.

६/
अट का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. समांतर केबलमध्ये एका अक्षराचे आठ अंश आठ तारांवरून एकाच वेळी निघतात. केबल लांबली की काही अंश किंचित आधी पोहोचतात, काही मागे राहतात. वेग वाढवला तर हा फरक अधिकच नडतो. लहान संगणकांसाठी आलेल्या ‘स्कझी’ या जोडणीलाही हेच बंधन होते. शुगार्ट असोशिएट्सच्या कामातून ती जन्माला आली आणि १९८६ मध्ये अमेरिकी मानक झाली. तिच्या साध्या रूपात केबलची लांबी सहा मीटर, आणि एका वाहिनीवर यंत्रे आठ. त्या आठांत संगणकही आला.

७/
‘स्कझी’ने पुढील पिढ्यांना केबलपेक्षा मोठा वारसा दिला, तो एका गृहीतकाचा. सहा मीटरच्या तारेवर आज्ञा हरवत नाही. म्हणून आज्ञा हरवणारच नाही, असे मानून कार्यप्रणाली लिहिल्या गेल्या. डिस्कने उत्तर दिले नाही तर संगणक कधी कधी तीस-तीस सेकंद वाट पाहत राही, आणि मग संपूर्ण आज्ञा नव्याने देई. छोट्या तारेवर हे क्वचितच घडे, त्यामुळे कोणाचे बिघडत नसे. पुढे तीच ‘स्कझी’ची भाषा मैलोगणती वाटेवरून बोलली जाऊ लागली, तेव्हा हे गृहीतक सांभाळणे हेच जाळ्याचे पहिले कर्तव्य होऊन बसले.

८/
१९८० च्या दशकात दोन गोष्टींनी चित्र पालटले. पहिली, सन मायक्रोसिस्टिम्सचे ‘एनएफएस’. दुसऱ्या यंत्रावरील फाइल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी कार्यालयातील साध्या जाळ्यातून उघडता येऊ लागली. येथे जाळ्यावरून मागणी होते ती फाइलची. ‘सॅन’मध्ये मागणी होते डिस्कवरील ठरावीक तुकड्याची, म्हणजे ब्लॉकची. फाइल एकाच वेळी अनेकांना वाचायची असेल तर पहिली पद्धत सोयीची. डेटाबेसला मात्र आपली जागा आपणच मांडायची असते. त्याला दुसरी पद्धत भावते. नवे केंद्र उभारताना हा भेद आजही आधी तपासला जातो.

९/
दुसरी गोष्ट १९८८ ची. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. एक महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यांपैकी एखादी निकामी झाली तर उरलेल्यांवरून तिची माहिती पुन्हा उभी करावी. यामुळे डिस्कचे मोठे कपाट विश्वासार्ह झाले. असे कपाट एकाच सर्व्हरला बांधून ठेवणे मग उधळपट्टीचे वाटू लागले. एका सर्व्हरची निम्मी जागा रिकामी आणि शेजारच्याला जागा पुरेना, हे दृश्य त्या काळातील संगणक-दालनांत नेहमीचे होते.

१०/
तांब्याची अट मोडली ती काचेच्या तंतूने. १९९० मध्ये आयबीएमने ‘एस्कॉन’ ही प्रकाशतंतूवरील जोडणी आणली. साठा आता काही किलोमीटर दूर जाऊ शकत होता, आणि मध्ये स्विच ठेवून अनेक संगणकांना अनेक साठ्यांशी जोडता येत होते. मेनफ्रेमच्या जगाबाहेर हेच काम ‘फायबर चॅनेल’ने केले. त्याच्या मानकावर १९८८ पासून काम चालू होते. अमेरिकी मान्यता १९९४ मध्ये मिळाली. १९९५ साली स्थापन झालेल्या ब्रोकेड कंपनीचे पहिले स्विच १९९७ मध्ये बाजारात आले, आणि ‘सॅन’ हा शब्द रूढ झाला.

११/
फायबर चॅनेलने दिलेले उत्तर पहिले : नोंद हरवूच द्यायची नाही. समोरच्या यंत्राकडे किती जागा रिकामी आहे, हे आधीच ठरते. तेवढीच ‘क्रेडिट’ पाठवणाऱ्याला मिळतात. एक फ्रेम पाठवली की एक क्रेडिट खर्च होते, आणि समोरच्याने जागा मोकळी केल्याचे कळवले की ते परत मिळते. क्रेडिट संपली की पाठवणारा थांबतो. धान्याचे पोते कोठारात ठेवायला जागा आहे हे कळल्याखेरीज गाडी वाड्यातून हलवायचीच नाही, तशी ही शिस्त. ‘स्कझी’चे जुने गृहीतक या शिस्तीमुळे शाबूत राहिले.

१२/
शिस्तीची किंमत अंतरावर अवलंबून असते. काचेच्या तंतूत प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे शंभर किलोमीटरची जा-ये एक मिलिसेकंदाची. एक गिगाबिटच्या वेगात तेवढ्या वेळात जवळपास पन्नास पूर्ण फ्रेम वाटेला लागू शकतात. म्हणून तंतू भरलेला ठेवायचा तर सुमारे पन्नास क्रेडिट हाताशी हवीत. वेग सोळापट केला तर क्रेडिटही सोळापट लागतात. ती कमी पडली की महागडी वाहिनी अर्धी रिकामी धावते, आणि दोष कोठे आहे हे वरवर पाहून कळत नाही.

१३/
दुसरी किंमत अधिक धोकादायक होती. एखादा सर्व्हर मंदावला आणि क्रेडिट वेळेवर परत करीना, तर त्याच्यासाठी आलेल्या फ्रेम स्विचमध्ये अडून राहतात. त्यांच्यामागे इतरांच्या फ्रेमही अडतात. एका आजारी यंत्राची मंदगती साऱ्या जाळ्याला लागते. यावर अनुभवाने दोन उपाय रूढ झाले. कोणता सर्व्हर कोणत्या साठ्याशी बोलू शकेल हे ‘झोन’ आखून बांधून टाकायचे, आणि एकाऐवजी दोन जाळी उभारायची. ही दोन्ही जाळी एकमेकांना कोठेही जोडलेली नसतात. प्रत्येक सर्व्हरचा एक तंतू एका जाळ्यात, दुसरा दुसऱ्यात.

१४/
दुसरे उत्तर इथरनेटच्या घराण्यातून आले. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात जन्मलेल्या इथरनेटला हानी मुळातच मान्य होती. गर्दी झाली तर पॅकेट टाकून द्यावे. ‘टीसीपी’ ते पुन्हा पाठवील. आयबीएम आणि सिस्को यांच्या पुढाकाराने ‘स्कझी’ची आज्ञा टीसीपीवरून नेण्याची ‘आयस्कझी’ पद्धत आकाराला आली आणि एप्रिल २००४ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. वेगळे स्विच नकोत, वेगळे तज्ज्ञ नकोत. ज्या लहान संस्थांना फायबर चॅनेल परवडत नव्हते, त्यांना साठवण-जाळ्याचे दार यामुळे उघडले.

१५/
मात्र ‘पुन्हा पाठवू’ या आश्वासनात वेळेची हमी नसते. अनेक साठे एकाच मागणीला एकदम उत्तर देऊ लागले, की स्विचची जागा क्षणात भरते आणि पॅकेट गळतात. मग टीसीपी थांबून राहतो. लिनक्समध्ये ही किमान प्रतीक्षा २०० मिलिसेकंदांची. डिस्कला नोंद वाचायला दहा मिलिसेकंद लागत असतील, तर ही प्रतीक्षा तिच्या वीसपट झाली. म्हणून आयस्कझी वापरणारे जाणते अभियंते साठ्यासाठी स्वतंत्र स्विच ठेवू लागले, आणि ‘एकच जाळे पुरेल’ या मूळ वचनाला तेवढी मुरड पडली.

१६/
तिसरे उत्तर ऑक्टोबर २००३ मध्ये जगासमोर आले. संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लिउंग यांनी गुगलच्या फाइल-प्रणालीवरील निबंध मांडला. त्यांचे गृहीतक ‘स्कझी’च्या नेमके उलट होते : यंत्रे बिघडणे हीच नित्याची स्थिती. म्हणून फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करावेत आणि प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या साध्या यंत्रांवर ठेवाव्यात. एक प्रत गेली तर दुसरी आहे. खास साठवण-जाळे येथे उरलेच नाही. साठा पुन्हा सर्व्हरच्या पोटात शिरला. २००६ मध्ये आलेले हडूप याच वाटेने गेले. किंमत : तिप्पट जागा, आणि तिन्ही प्रती एकसारख्या ठेवण्याची न संपणारी जबाबदारी.

१७/
प्रतींची ही ये-जा पेलण्यासाठी जाळ्याचा आकारही बदलावा लागला, आणि उपाय सापडला जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये दाखवले होते की लहान स्विचचे थर नीट रचले, तर एकही दूरध्वनी न अडता कोणालाही कोणाशी जोडता येते. आज डेटा सेंटरमध्ये ‘लीफ-स्पाइन’ म्हणून जी रचना दिसते, ती याच विचाराची वारसदार. प्रत्येक रॅकचे स्विच वरच्या थरातील सर्व स्विचशी जोडलेले. त्यामुळे कोणत्याही दोन रॅकमधील अंतर सारखेच. वाढ हवी तर वरच्या थरात आणखी स्विच बसवावे.

१८/
आता पहिल्या कोड्याकडे वळता येईल. वित्तसंस्थांना एकही नोंद गमावणे चालत नाही. म्हणून दोन जवळच्या केंद्रांत नोंद एकाच वेळी लिहिण्याची पद्धत रूढ झाली : दोन्हीकडून पोच आल्याशिवाय लेखन पूर्ण मानायचे नाही. मधली वाट तुटली की प्रत्येक बाजूपुढे पेच उभा राहतो. पलीकडचे केंद्र बंद पडले आहे, की फक्त वाट तुटली आहे? दोघांनीही लिहिणे चालू ठेवले तर दोन वेगवेगळे ‘सत्य’ तयार होतील. म्हणून एका बाजूने थांबायचे, असा नियम आधीच घालून ठेवावा लागतो.

१९/
हा नियम चुकीचा असेल, किंवा कागदावर एक आणि यंत्रात दुसराच असेल, तर धडधाकट साठाही सर्व्हरना दार बंद करू शकतो. साठ्याच्या यंत्रणेचे वर्तन अपेक्षित आराखड्यानुसार झाले नाही, असेच एनएसईच्या स्पष्टीकरणातून दिसते. दूरचे पर्यायी केंद्र चेन्नईत होते; पण तेवढ्या अंतरावर प्रत्येक नोंदीच्या पोचेची वाट पाहत बसणे बाजाराच्या वेगाला परवडत नाही. म्हणून जवळचे केंद्र हानी टाळण्यासाठी आणि दूरचे केंद्र भूकंप-पुरासारख्या संकटासाठी, अशी विभागणी असते. वाहिन्या दोन कंपन्यांच्या असून भागत नाही. एकाच खोदकामाच्या टप्प्यात येणार नाहीत अशा मार्गांनी त्या गेलेल्या असाव्या लागतात.

२०/
यानंतर वाद संपला असे नाही. डिस्कची जागा फ्लॅशने घेतली आणि वाचनाचा वेळ दहा मिलिसेकंदांवरून मायक्रोसेकंदांत आला. २०१६ मध्ये ‘एनव्हीएमई’ ही फ्लॅशची भाषा जाळ्यावरून नेण्याचे मानक आले. आता जाळ्याचा विलंबच डोळ्यांवर येऊ लागला, आणि इथरनेटलाही ‘हरवू न देण्याची’ शिस्त लावण्याच्या आधीपासूनच्या प्रयत्नांना महत्त्व आले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला : ‘थांबा’ हा इशारा स्विचमागून स्विच पसरत जाऊन मोठे जाळे ठप्प होऊ शकते. फायबर चॅनेलच्या काळात माहीत झालेला आजार नव्या अंगात परतला होता.

२१/
म्हणून साठवण-जाळे निवडणाऱ्याने विक्रेत्याच्या वेगाच्या आकड्यांआधी काही प्रश्न विचारावेत, असे हा इतिहास सुचवतो. किती नोंदी गमावल्या तर चालतील? किती वेळ थांबता येईल? मागणी ब्लॉकची आहे की फाइलची? एक यंत्र मंदावले तर त्याची झळ कोठपर्यंत जाईल? वाट तुटली तर कोणती बाजू थांबेल, आणि वाट खरोखर तोडून हे कधी पाहिले आहे काय?

रुग्णालयाच्या क्ष-किरण प्रतिमांना, चित्रपटाच्या संकलनाला आणि बँकेच्या खतावणीला या प्रश्नांची उत्तरे एकसारखी मिळणार नाहीत. प्रतिमांची एखादी प्रत उशिरा उघडली तर डॉक्टर मिनिटभर थांबतील. खतावणीतील एक ओळ गहाळ झाली तर कोणाच्या तरी खात्यातून पैसे गेलेले असतील आणि ते कोठे गेले हे सांगणारा पुरावा नसेल. जाळ्याचा आराखडा काढताना अखेर या माणसाचाच विचार करावा लागतो.

(धागा समाप्त)